वडिलांना मशीनमधून आवाज येतो पण बोलणं कळत नाही, वरचं मॉडेल घ्यायचं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. वडील ७३ वर्षांचे, पाच महिन्यांपूर्वी दोन्ही कानांना मशीन घेतलं, कानामागे बसणारं आणि बारीक वायर कानात जाणारं. तरी त्यांचं म्हणणं एकच, "आवाज येतो पण काय बोलताय ते कळत नाही". भांडं पडलं की दचकतात, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो म्हणतात आणि तासाभरात काढून डबीत ठेवतात. जिथून घेतलं तिथे सांगितलं की वरचं मॉडेल घ्या, त्यात गोंगाट कमी करायची सोय चांगली आहे. तुमचे प्रश्न: वरचं मॉडेल घ्यावं का, नाहीतर "एक कान त्यातल्या त्यात सहन होतो" म्हणून निदान एकाच कानात घातलं तर चालेल का, आणि भाऊ त्यांना सारखं ऐकवतोय की मशीन घातलं नाही तर स्मृतिभ्रंश होईल, ते खरं का.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणारी, बरीच वर्षं मुख्यतः मोठ्या माणसांबरोबरच काम करते. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: आत्ता नवीन मशीन घेऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला मशीन कमी पडल्याची खूण दिसत नाही, फिटिंग अर्धवट राहिल्याची दिसते. मशीन दिलं गेलं, पण ते त्यांच्या कानाला जुळवण्याचं आणि त्यांना ते वापरायला शिकवण्याचं काम झालेलंच नाही असं वाटतंय. अर्थात मी त्यांचा कान बघितलेला नाही, शब्द ओळखण्याची टेस्ट केली होती का ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मशीनमध्ये सध्या काय सेटिंग आहे तेही मला माहीत नाही. या तीन गोष्टींवर बरंच अवलंबून आहे, त्यामुळे पुढचं वाचताना ते धरून चाला.

आता "आवाज येतो पण कळत नाही" याचा अर्थ काय ते आधी बघू, कारण घरच्यांना ही तक्रार बहुतेक वेळा बहाणा वाटते. तुम्ही दिलेल्या ऐकण्याच्या ग्राफमध्ये, म्हणजे ऑडिओग्राममध्ये, २५० आणि ५०० हर्ट्झला ते ३० डेसिबलच्या आसपास आहेत आणि ४००० ला ७० वर, आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. म्हणजे जाड, खालचे आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येतात, बारीक आवाज जवळजवळ नाहीतच. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा अगदी हाच नमुना दिसतो. आतल्या कानात शंखासारखी जी कॉक्लिया असते तिच्या तोंडाशी बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी असतात आणि त्याच आधी जातात. आवाज टिपणाऱ्या या पेशींना केसपेशी म्हणतात, एका कानात सगळ्या पट्ट्या मिळून आतल्या रांगेत साधारण ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत १२,००० असतात, गेल्या की परत येत नाहीत.

आणि बोलण्याची गंमत अशी की बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो, अ, आ, ओ वगैरे, ते सगळे खालच्या पट्टीत. अर्थ मात्र व्यंजनांवर चालतो आणि स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीत, शिवाय मुळातच हळू. स चा आवाज तर ४००० हर्ट्झच्या वरच जास्त असतो. म्हणून तुम्ही "साठ" म्हणता आणि त्यांना "आठ" ऐकू येतं, "शाळा" चं "आळा" होतं. त्यांना कोणीतरी बोलतंय हे पक्कं ऐकू येतं, चालही ओळखू येते, मुलगा बोलतोय की सून तेही कळतं, फक्त शब्द हातात येत नाही. त्यामुळे ते खरंच सांगतायत. आणि म्हणूनच "माझ्याबद्दल हळू बोललेलं बरोबर ऐकू येतं" हा जो सगळ्या घरांत होणारा आरोप आहे तो कृपया करू नका, शांत खोलीत, ओळखीच्या विषयावर, समोरून आलेलं वाक्य अर्धं ऐकूनही पूर्ण करता येतं, बाकी वेळी नाही करता येत.

मग मशीनने ही वरची पट्टी द्यायला हवी ना? हो, तेच त्याचं काम आहे. पण नेमकं तिथेच फिटिंग कमी पडतं.

बहुतेक ठिकाणी होतं काय की ऑडिओग्राम सॉफ्टवेअरमध्ये भरतात, कंपनीचं "फर्स्ट फिट" बटण दाबतात, विचारतात "येतंय का ऐकू?", माणूस म्हणतो हो, झालं. कंपनीचं ते पहिलं सेटिंग मुद्दाम थोडं सौम्य ठेवलेलं असतं, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी त्रास होऊ नये म्हणून, आणि त्यात कमी ठेवलेला भाग बहुतेक वरच्या पट्टीतलाच असतो, म्हणजे तुमच्या वडिलांना जो हवाय तोच. शिवाय सॉफ्टवेअर जो आकडा स्क्रीनवर दाखवतं तो सरासरी कानासाठीचा अंदाज असतो. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, कोणाची रुंद, कोणाची वळणदार, त्यामुळे पडद्यापाशी प्रत्यक्ष पोचणारा आवाज अंदाजापेक्षा १० डेसिबलने सुद्धा वेगळा निघू शकतो.

याला उपाय म्हणजे रियल इअर मेजरमेंट. ही टेस्ट झाली होती का हे सगळ्यात आधी विचारा. कशी असते ते सांगते म्हणजे झाली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल, कारण ती विसरण्यासारखी नसते. माणसाला स्पीकरसमोर बसवतात, कानात एक अगदी बारीक मऊ नळी सरकवतात, तिचं टोक पडद्यापासून साधारण ५ मिलिमीटरवर येईपर्यंत. कधी कधी किंचित गुदगुल्या होतात, एखाद्याला खोकलाही येतो. मग त्याच नळीच्या बाजूने मशीन बसवतात आणि स्पीकरमधून बोलण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज सोडतात, आधी हळू बोलल्यासारखा, मग नेहमीचा ६५ डेसिबलचा, मग मोठा. स्क्रीनवर दोन रेघा दिसतात, एक टार्गेटची, त्या माणसाच्या ऐकण्यावरून काढलेली, आणि दुसरी पडद्यापाशी प्रत्यक्ष पोचलेल्या आवाजाची. टार्गेट काढायची सूत्रं जगभर मुख्यतः दोन वापरली जातात, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं एनएएल आणि कॅनडातलं डीएसएल.

तुमच्या वडिलांसारख्या ग्राफमध्ये मला कायम दिसणारं चित्र म्हणजे १००० हर्ट्झपर्यंत दोन्ही रेघा एकमेकींवर, कधी खालची पट्टी उलट जरा जास्तच, आणि २००० नंतर प्रत्यक्षातली रेघ जी खाली घसरते ती ४००० ला टार्गेटपासून १५ डेसिबल खाली. मग मी एकेक पट्टीचा गेन, म्हणजे मशीन आवाज किती वाढवतं ते, वाढवत जाते, ती रेघ वर चढताना समोर दिसते, टार्गेटच्या ५ डेसिबलच्या आत-बाहेर आली की थांबते. त्या क्षणी माणूस साधारणपणे तोंड वाकडं करतो, "किती खरखरीत लागतंय". लागणारच, वर्षानुवर्षं न आलेले आवाज आलेत. तिथे मी बाजूच्यांना साधी वाक्यं बोलायला सांगते, ओठ झाकून, आणि त्यांना ती म्हणायला सांगते. खरखर आहे पण शब्द येतायत, हे त्यांचं त्यांनाच कळलं की पुढची चर्चा सोपी होते. तिथे खरखरीची तक्रार ऐकून गेन परत खाली आणला की माणूस खूश होऊन घरी जातो आणि महिन्याभराने तुम्ही लिहिलंय तीच तक्रार घेऊन येतो.

भांड्याच्या आवाजाला दचकणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आतल्या कानाच्या या दोषात हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज सहन होण्याची मर्यादा मात्र जवळपास पूर्वीइतकीच राहते. म्हणजे चांगल्या कानाला शून्यापासून १०० डेसिबलपर्यंत ऐसपैस जागा असते, त्यांना ४००० हर्ट्झला ती ७० पासून १०० पर्यंत, बस्स. एवढ्या चिंचोळ्या जागेत सगळं जग बसवायचं. म्हणूनच "जोरात बोला" म्हणणारा माणूस जोरात बोललं की "ओरडू नका" म्हणतो, त्यात विसंगती काही नाही. मशीन हे कॉम्प्रेशनने सांभाळतं, हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी, आणि एका मर्यादेवर काही जाऊच द्यायचं नाही. ती कमाल मर्यादा त्यांच्या कानासाठी मोजून लावलेली असायला हवी. नळी कानात असतानाच एक मोठा आवाज सोडून हे तपासता येतं, "मोठा आहे पण चालेल" असं म्हणाले तर ठीक, डोळे मिटून घेतले तर मर्यादा खाली आणायची. लक्षात घ्या, मर्यादा आणायची, सगळा गेन नाही. हा फरक करायचा कंटाळा केला की भांड्याच्या आवाजाबरोबर स आणि श पण जातात.

स्वतःचा आवाज घुमण्याचं कारण बहुतेक डोममध्ये असेल, म्हणजे कानात जाणाऱ्या टोकाला जे सिलिकॉनचं टोपण असतं त्यात. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हाडातून कानाच्या नळीत येतो आणि एरवी बाहेर निघून जातो, नळी बंद केली की आतच कोंडतो. दोन्ही कानांत बोटं घालून बोलून बघा, त्यांना काय होतंय ते कळेल. त्यांची खालची पट्टी चांगली असल्यामुळे हा त्रास त्यांना जास्त होणार. भोकं असलेला डोम किंवा कानाच्या मापाचा साचा, म्हणजे मोल्ड, करून त्यात व्हेंट म्हणजे बारीक भोक ठेवलं की घुमणं कमी होतं. पण फार उघडा ठेवला तर वरच्या पट्टीचा वाढवलेला आवाज बाहेर गळतो, मायक्रोफोनमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. हा तोल प्रत्येक कानाचा वेगळा, तीन-चार डोम लावून बघावे लागतात, ७० डेसिबलला बऱ्याच वेळा मोल्डच बरा पडतो. डोम बदलला तर रियल इअर परत करायचं, कारण सगळे आकडे हलतात.

आता वरच्या मॉडेलबद्दल. मी कंपन्यांच्या विरोधात नाही, वरच्या मॉडेलमध्ये खरंच काही गोष्टी जास्त असतात, जास्त चॅनल, गोंगाटात आपोआप बदलणारे मायक्रोफोन, फोनशी जोडणी. पण अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं, २०१४ आणि २०१६ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. वयस्कर माणसांना बेसिक आणि प्रीमियम अशी दोन्ही मशीन, कोणतं कुठलं हे न सांगता, नीट फिट करून घरी वापरायला दिली. दोन्हीने मदत झाली आणि रोजच्या जगण्यात दोन्हींमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. यात मला महत्त्वाचे शब्द वाटतात ते "नीट फिट करून". गोंगाट कमी करायच्या सोयीबद्दल सांगायचं तर ती ऐकणं कमी थकवणारं करते, सुसह्य करते, पण फक्त त्याने गोंगाटात शब्द जास्त कळू लागतात असं समजू नका. शब्दांना मदत दिशादर्शी, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणाऱ्या, मायक्रोफोनची होते आणि ते तुमच्या आत्ताच्या मशीनमध्येही असणार. नीट जुळवून, दोन-तीन महिने दिवसभर वापरून, आणि तरीही एखादी ठराविक जागा अडत असेल, उदाहरणार्थ ते अजून नियमित मीटिंगला जातात आणि तिथे दहा लोक टेबलाभोवती बोलतात, तर वरच्या मॉडेलचा विचार करायला अर्थ आहे.

दिवसभर म्हटलं, ते मुद्दाम. तासभर घालून काढणं हे सगळ्यात वाईट वेळापत्रक आहे, त्यापेक्षा न घातलेलं परवडलं असं मी कधी कधी चिडून म्हणते. कारण मेंदूला फ्रिजची घरघर, पंखा, कागद चुरगळल्याचा आवाज, स्वतःची पावलं, हे सगळं परत ओळखून "बिनकामाचं" म्हणून बाजूला सारायला शिकायचं असतं आणि ते त्या आवाजात राहिल्याशिवाय होत नाही. बरीच माणसं मशीन फक्त कार्यक्रमाला जाताना घालतात, म्हणजे सगळ्यात अवघड परीक्षेला थेट, सराव शून्य. उलट करायला हवं. घरात, शांततेत, सकाळी तोंड धुतल्यावर घालायचं आणि रात्री झोपताना काढायचं. पहिल्या आठवड्यात जमत नसेल तर तीन-चार तासांपासून सुरुवात, त्यातला बराच वेळ एका माणसाशी समोरासमोर गप्पा किंवा एखाद्या ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐकत, आणि दर दोन-तीन दिवसांनी तास वाढवत न्यायचे. मोठ्याने वर्तमानपत्र वाचायला सांगा, रोज पंधरा मिनिटं, याने स्वतःच्या आवाजाची सवय लवकर होते. रुळायला काही आठवडे जातात, काहींना तीन महिनेही लागतात. मात्र सवयीच्या नावाखाली दुखणं, टोचणं, जखम किंवा सतत शिट्टी हे सहन करायला लावू नका. या गोष्टी सवयीने जात नाहीत, त्या दुरुस्त कराव्या लागतात.

ते किती तास घालतात हे विचारायची गरजही नाही खरं तर. मशीनमध्ये डेटा लॉगिंग असतं, रोजचे सरासरी तास त्यात दिसतात. मी तो आकडा पेशंटसमोर पकडायला म्हणून वापरत नाही, पण कमी निघाला की तक्रार कुठल्या प्रकारची आहे ते कळतं.

घरच्यांनी काय करायचं यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धं काम तिथे आहे आणि मशीन विकताना हे कोणी सांगत नाही. खरं तर ही शाखा सुरू झाली तेव्हा उलटं होतं. दुसऱ्या महायुद्धात ऐकू येणं गेलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत लष्करी हॉस्पिटलांमध्ये केंद्रं निघाली, त्यातल्या डेशॉन हॉस्पिटलमध्ये रेमंड कारहार्ट होते, ज्यांना पुढे आमच्या क्षेत्राचे जनक मानलं गेलं. तिथे मशीन निवडणं हा अनेक आठवड्यांच्या कार्यक्रमातला एक भाग होता, बाकी वेळ ओठ वाचणं, ऐकण्याचा सराव आणि मशीन कसं वापरायचं याचं शिक्षण. आज मशीन हजारपट चांगली झालीत आणि तो बाकीचा भाग गळून गेला.

तर घरात पहिली गोष्ट अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. एका मीटरवर बोलण्याऐवजी तुम्ही चार मीटरवरून बोललात तर १२ डेसिबल गेले, एवढी कसर कुठलंही महाग मशीन गोंगाटात भरून काढत नाही. दुसऱ्या खोलीतून हाक मारून वर थेट निरोप द्यायचा ही सवय आधी मोडा. जवळ जा, नाव घ्या किंवा "बाबा" म्हणा, त्यांनी बघितलं की मग बोला, चेहऱ्यावर उजेड असेल असं उभं राहा. ओरडू नका, ओरडल्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजनं तशीच राहतात, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. थोडं सावकाश, वाक्यात मध्ये किंचित थांबत. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तसंच तीनदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला, "साठ" कळत नसेल तर "सहा आणि शून्य, साठ" म्हणा. विषय बदलताना सांगा की विषय बदललाय. आणि "काही नाही, जाऊ दे" हे म्हणू नका. मोठी माणसं माझ्यासमोर रडली आहेत ती बऱ्याचदा याच वाक्यावरून.

टीव्हीचा आवाज हा भांडणाचा दुसरा विषय, त्यासाठी बहुतेक कंपन्यांचा टीव्हीला जोडायचा छोटा ट्रान्समीटर येतो, आवाज थेट मशीनमध्ये जातो, टीव्ही घरच्यांच्या आवाजावर. तसाच रिमोट मायक्रोफोन असतो, बोलणाऱ्याने कॉलरला लावायचा, गाडीत किंवा मोठ्या टेबलावर त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा मशीनचं मॉडेल बदलून होत नाही. वरच्या मॉडेलसाठी पैसे बाजूला काढलेच असतील तर आधी यावर खर्च करा असा माझा सल्ला राहील.

वडिलांच्या बाजूनेही एक गोष्ट हवी, "ऐकू आलं नाही" हे नेमकं सांगायची सवय. "हां?" म्हटलं की समोरचा सगळं परत सांगतो, "कधी म्हणालास, सोमवारी की शनिवारी?" म्हटलं की फक्त तेवढंच. न कळता मान हलवणं बंद व्हायला हवं, पण ते तेव्हाच बंद होईल जेव्हा विचारल्यावर कोणी वैतागणार नाही.

देखभालीचं थोडक्यात. मशीन "बंद पडलं" म्हणून येणाऱ्यांमध्ये टोकाची बारीक जाळी, तिला वॅक्स गार्ड म्हणतात, मळाने बंद झालेली असणं हे फार मोठं कारण आहे. उजेडात धरा, पांढरी गोल जाळी पिवळी किंवा भरलेली दिसली की बदला, सोबत मिळणाऱ्या काडीच्या एका टोकाने जुनी निघते, दुसऱ्याने नवी बसते. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसणं, ओल शोषणाऱ्या डबीत ठेवणं. बटण सेलचं मशीन असेल तर सेलचा स्टिकर काढल्यावर लगेच बसवू नका, हवेवर चालणारे झिंक एअर सेल असतात ते, एक-दोन मिनिटं उघडे ठेवून मग घाला. आणि फिटिंगच्या आधी कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या, मळ असताना कुठलंही मोजमाप खोटं येतं.

स्मृतिभ्रंशाबद्दल भाऊ जे सांगतोय ते अर्धवट आहे. ऐकू कमी येणं आणि पुढे स्मृतिभ्रंश होणं यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगानेही टाळता येण्यासारख्या कारणांच्या यादीत ते धरलंय. पण मशीन घातल्याने ते टळतं का, यावर अमेरिकेत अचीव्ह नावाची मोठी चाचणी झाली, ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं, २०२३ मध्ये निकाल आला. सगळी माणसं एकत्र धरली तर फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र आकलनशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे आशा आहे, हमी नाही. यावरून ७३ वर्षांच्या माणसाला रोज भीती घालणं मला पटत नाही, भीतीने घातलेलं मशीन कोणी पाहत नसलं की निघतं. त्यापेक्षा त्यांना कुठे ऐकायचंय ते विचारा, नातवाचा फोन, मित्रांचा कट्टा, काहीही, आणि ते दोन-तीन प्रसंग लिहून ऑडिओलॉजिस्टकडे घेऊन जा. आम्ही फिटिंगचं यश अशाच यादीवर तपासतो, दोन महिन्यांनी त्याच प्रसंगांत किती फरक पडला ते विचारतो.

मशीनच्या मर्यादेबद्दलही बोललं पाहिजे. शब्द ओळखण्याची टेस्ट, ज्यात आवाज पुरेसा मोठा करून शब्द ऐकवतात आणि परत म्हणायला सांगतात, त्यात किती टक्के येतात ते बघा. ८०-९० टक्के येत असतील तर मशीन नीट जुळल्यावर शांत जागेत चांगलं कळायला हवं. ५० च्या खाली असेल तर पेशी इतक्या गेल्यात किंवा नसच नीट काम करत नाही की आवाज पोचूनही तो स्पष्ट लागत नाही, मग अपेक्षा बदलाव्या लागतात, ओठ वाचण्याचा सराव आणि रिमोट मायक्रोफोन यावर भर द्यावा लागतो. चांगल्या फिटिंगनंतरही दोन्ही कानांत आकडा फारच खाली राहिला तर कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्रासाठी, तपासणी करून घ्यावी, वय ७३ हे त्यासाठी आपोआप नाही म्हणायचं कारण नाही. ग्राफ बघता तुमचे वडील तिथवर जातील असं मला वाटत नाही.

काही लक्षणं दिसली तर मात्र मशीन बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. एका कानाचं ऐकू येणं दोन-तीन दिवसांत अचानक उतरलं तर त्याच दिवशी, कारण त्यावर स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका उपयोगी. दोन कानांच्या ग्राफमध्ये मोठा फरक, एकाच कानात सतत आवाज, चक्कर, कानातून पाणी किंवा रक्त, दुखणं, यांचीही आधी तपासणी.

राहिला एका कानाचा प्रश्न. दोन्ही कान सारखेच उतरलेले असतील तर दोन्हींत घाला. दोन कानांमुळे आवाज कुठून येतो ते कळतं, गोंगाटात शब्द वेगळे काढायला मेंदूला मदत होते, आणि एक कान वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर काहींमध्ये त्या कानाची शब्द ओळखण्याची ताकद कमी होत जाते असं दिसलेलं आहे. अपवाद असतात, काही वयस्कर माणसांना दोन्ही कानांनी एकदम ऐकलं की जास्त गोंधळ होतो, पण ते टेस्ट करून ठरवायचं. तुमच्या बाबतीत "एक कान त्यातल्या त्यात सहन होतो" हे वाचून मला आधी शंका येते ती दुसऱ्या कानाच्या डोमच्या मापाची किंवा त्या बाजूच्या कमाल मर्यादेची. पुढच्या भेटीत तो कान आधी तपासायला सांगा, रियल इअर होतं का ते फोनवरच विचारून घ्या, होत नसेल तर तुमचंच मशीन घेऊन ते करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे जा. त्यांच्याकडे तुमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे का आणि मशीन विक्रेत्याने लॉक केलेलं नाही ना, हे मात्र जाण्याआधी विचारा, काही ठिकाणी विकतानाच लॉक केलेलं असतं आणि मग बाहेर कोणाला हात लावता येत नाही. निघताना ऑडिओग्राम, शब्दांच्या टेस्टचा कागद आणि मशीन कानात घालून वडील, तिन्ही बरोबर न्या. मशीन डबीत घेऊन येतात बरेच जण.